अंश तुम्ही मोजता, छेद कोण तपासणार?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, मा. आरोग्य सचिव आणि राज्याच्या आरोग्यसेवेचं नियोजन करणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी निवृत्त आरोग्य सहायिका. नोकरीची एकूण 31 वर्षं. त्यातली पहिली 13 नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात उपकेंद्राची सेविका म्हणून, आणि पुढची 18 पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीनं कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात. पदवी नाही, पण एकच रजिस्टर दोन ठिकाणी भरलंय. मला वाटतं, हे पत्र लिहायला तेवढं पुरेसं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका सेविकेनं मोबाइलवर एक तक्ता पाठवला. जिल्हे एकाखाली एक. वरचे हिरवे, मधले पिवळे, तळाचे लाल. तिचा जिल्हा लालात. खाली ओळ होती: खर्चाच्या प्रमाणात साध्य कमी, तीन दिवसांत खुलासा सादर करावा. ती ओळ जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला आणि केंद्राकडून शेवटी तिच्यापर्यंत आली होती. खुलासा नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर लिहिला जातो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. ती फोनवर हसली आणि म्हणाली, "ताई, काय लिहू? डोंगर आहे म्हणून लिहू?"

तिला मी खुलासा सांगितला. पण तो तिच्या तालुक्याच्या फायलीत बंद होणार, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मोजू नका, असं माझं म्हणणं नाही. मोजायलाच हवं. एका जिल्ह्यात बाळंतीण सुखरूप घरी जाते आणि दुसऱ्यात जात नाही, तर का, हे विचारायला आकडाच लागतो. कुठे पैसा पाण्यासारखा जातो आणि माणसाच्या हाती काही लागत नाही, हेही बाहेर यायला हवं. तक्रार आहे ती मोजण्याच्या पद्धतीवर. शाळेत अपूर्णांक शिकवतात तेव्हा अंश वर असतो आणि छेद खाली. तुमचे तक्ते अंश चोख मोजतात: किती बाळंतपणं, किती डोस, किती तपासण्या. छेद, म्हणजे हे किती माणसांमागे, तो मात्र जुनाच उचलतात. मग जो भागाकार येतो त्याला कार्यक्षमता म्हणायचं.

बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या कुपीची गोष्ट सांगते, म्हणजे नेमकं काय म्हणायचंय ते कळेल. एका कुपीत दहा बाळांचे डोस असतात. एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. उसाच्या पट्ट्यातल्या माझ्या गावात लसीकरणाच्या दिवशी बायका रांगेनं यायच्या, कुपी रिकामी व्हायला वेळ लागायचा नाही. सातपुड्यात मी व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवून दोन ओढे ओलांडून एका पाड्यावर पोचायचे, तिथे नवी बाळं तीन. कुपी फोडली की तीन डोस कामाला, सात वाया. फोडली नाही तर तीन बाळं तशीच. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, एकच बाळ असलं तरी कुपी फोडायची. मी फोडायचे. महिन्याच्या बैठकीत 'वेस्टेज'चा रकाना निघाला की माझ्या केंद्राचं नाव सगळ्यांत आधी घेतलं जायचं. शेजारच्या एका केंद्रात दहा बाळं जमेपर्यंत थांबायचे. त्यांचा रकाना स्वच्छ. त्यांचं बैठकीत कौतुक व्हायचं. कोण कार्यक्षम, हे मी अजूनही स्वतःला विचारते. त्या थांबलेल्या पाड्यांवरची किती बाळं पुन्हा कधी सापडलीच नाहीत, त्याचा रकाना नव्हता.

हेच अंतराचं. सपाटीवर 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 ला. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर 30,000 ला, डोंगरात 20,000 ला. सूट दिली, मान्य. आता गडचिरोली घ्या. 2011 च्या जनगणनेत तिथे दर चौरस किलोमीटरला 74 माणसं होती, राज्यात सरासरी 365. म्हणजे वस्ती पाचपट विरळ आणि निकषातली सूट दीडपट किंवा फार तर पावणेदोनपट. उरलेलं अंतर कोण चालतं? सेविका आणि आशा चालते. नाहीतर बांबूला चादर बांधून केलेल्या झोळीत पोटुशी बाई उताराला लागते. माझ्या उपकेंद्राखाली 11 पाडे होते आणि सर्वांत लांबच्या पाड्यावर जाऊन यायला अख्खा दिवस. कोल्हापूरकडे लोकसंख्या दुपटीहून जास्त, पण गावं दोन, आणि स्कूटीवर वीस मिनिटांत दोन्ही उरकायची. पगार एकच, साधनं तीच. दरडोई खर्च भागून पाहिला तर डोंगरातली मी महाग आणि आळशी, सपाटीची मी स्वस्त आणि तत्पर. बाई तीच होती हो!

छेदातली लोकसंख्या हा तर वेगळाच विषय. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणून तक्ते 2011 च्या आकड्यांवर वाढीचा अंदाज चढवून चालतात. त्यात माणूस जागचा हलत नाही असं गृहीत धरलेलं असतं. सातपुड्यातली निम्मी तरुण कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला जायची, ती काठीची राजवाडी होळी पेटायच्या सुमाराला परतायची. जानेवारीत माझ्या यादीत 60 मुलं असायची, पाड्यावर 25. टक्केवारी मात्र 60 वरच निघायची. मार्चअखेर सगळी परत आली की तेच काम पंधरा दिवसांत, त्यालाही 'उशीर' म्हणायचे. ऊसतोडीवर कोल्हापूरकडे बीड-जतकडून आलेली मुलं आम्ही फडावर जाऊन टोचायचो, ती आमच्या यादीत नसायची, म्हणून आमची टक्केवारी शंभराच्या वर! एकाच राज्याचा एकच ऊस. एका जिल्ह्याचं अपयश आणि दुसऱ्याचं यश त्यानं एकदमच उगवायचं.

आणि माहेरपण? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या केंद्रात, तपासण्या निम्म्या इकडे निम्म्या तिकडे, बाळंतपण तिसऱ्या जिल्ह्यात, पहिला डोस चौथ्याच ठिकाणी. सासरच्या सेविकेला विचारणा होते की बाळंतपण का नोंदवलं नाही, आणि माहेरच्या सेविकेला की नोंदणीविना बाळंतपण कसं झालं. या रीतीला शतकं झाली, फॉर्मनं तिची दखल घ्यायला अजून किती वेळ लागणार, कळत नाही. बाई राहते कुठे त्यावर मोजा, सेवा कुठे मिळाली त्यावर नको, एवढंच तर सांगायचं आहे.

आता 'रेफर', म्हणजे रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवणं, या शब्दाकडे येते. आमच्या आयुष्यात याइतका वापरलेला दुसरा शब्द नसेल. ग्रामीण भागातलं प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातला दवाखाना महापालिकेकडे. खासगी तर कोणाकडेच नाही. एकच बाई एका रात्रीत या सगळ्या दारांवरून जाते आणि प्रत्येक दार आपापला आकडा लिहून पुढे पाठवतं. खालच्या केंद्रानं अवघड बाई पाठवून दिली की त्याचा मातामृत्यूचा रकाना कोरा राहतो. वरच्या रुग्णालयात ती शेवटच्या घटकेला पोचते आणि आकडा तिथे चढतो.

2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. सगळा देश हळहळला. तेव्हा रुग्णालयाकडून सांगितलं गेलं की आसपासच्या जिल्ह्यांतून गंभीर रुग्ण अखेरीस इथेच येतात. हे खरं किती आणि सबब किती, मला घरबसल्या सांगता येणार नाही. पण ठरवायला जे आकडे लागतात, म्हणजे रुग्ण आला कुठून, किती वाजता निघाला, वाटेत किती दारं फिरला, आला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, ते जिल्ह्यांच्या क्रमवारीत कुठे असतात? ते नसतील तर ज्यानं ओझं उचललं त्याचीच पाठ वाकडी म्हणून नोंद होणार.

सरासरीबद्दलही बोलू द्या. 2018-20 च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा मातामृत्यूचा दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, केरळच्या 19 नंतर देशात सर्वांत कमी. नीती आयोगाच्या आरोग्य निर्देशांकात आपण 2019 च्या अहवालात मोठ्या राज्यांत तिसरे होतो, 2021 च्या अहवालात पाचवे. अभिमान मलाही वाटतो, त्यात माझ्याही पायांचा वाटा आहे. पण या आकड्यांत गडचिरोलीतलं भामरागड दिसत नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या सरासरीतसुद्धा गगनबावडा आणि शाहूवाडी हे डोंगरी तालुके झाकले जातात. सिझेरियनचं बघा: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यात शंभर बाळंतपणांमागे 25.4 सिझेरियन. हा आकडा चांगला की वाईट? एका तालुक्यात गरज नसताना पोट फाडलं जातं आणि दुसऱ्यात गरज असून टेबल मिळत नाही. दोन्हीची बेरीज करून मध्यावर आलेला आकडा कोणालाच काही सांगत नाही. पहिल्या तालुक्यात घरच्यांनी दागिने गहाण ठेवून भरलेलं बिल तर कार्यक्षमतेच्या गणितात येतच नाही, कारण तो सरकारचा खर्च नव्हे.

एवढं सगळं लिहिलं म्हणून कोणी असं समजू नये की डोंगराच्या आड लपायचंय. अकार्यक्षमता आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह बांधून तयार होतं. दिवे, टेबल, भुलीचं यंत्र, सगळं होतं. भूलतज्ज्ञ नव्हते. यंत्रावर हिरवं कापड घातलेलं होतं, दर आठवड्याला ते धुवून पुन्हा घातलं जायचं. खर्च झालेला, पद मंजूर, इमारत उभी, आणि बाई 108 च्या गाडीत पुढच्या गावी. पुढे भूलतज्ज्ञ आले तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांची बदली झाली होती. ही खरी नासाडी. पण ती सिस्टरच्या खुलाशानं भरून निघणारी नाही. ज्यांनी एक माणूस दिला आणि त्याच्या जोडीचा दिला नाही, त्यांनी खुलासा द्यायचा.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सातपुड्यात एकाच डोंगररांगेवर दोन आरोग्य केंद्रं होती. रस्ता तसाच, गरिबी तशीच, मंजूर पदं सारखी. एकात वर्षभरात दवाखान्यातली बाळंतपणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, दुसऱ्यात घरची बाळंतपणं जवळपास थांबलेली. फरक काय? दुसरीकडचे डॉक्टर मुख्यालयी राहायचे. नुसते कागदावर नाही, खरोखरच, बायको-मुलांसह. त्यांना पावरी, म्हणजे तिथल्या पाड्यांची बोली, बोलता यायची. गाडीचा चालक तिथल्याच पाड्याचा, रात्री दोनला दार वाजवलं तरी उठायचा. आणि त्यांनी गावातल्या सुईणीला हाकलून न देता बाळंतिणीजवळ बसू दिलं. या दोन केंद्रांची तुलना कोणी केली असती तर सबंध जिल्ह्याला शिकण्यासारखं काही मिळालं असतं. तुमच्या तक्त्यात ही दोन्ही एकाच लाल पट्टीत होती.

तर तुलना सारख्याची सारख्याशी करा. धडगावला एटापल्ली, भामरागड, धारणी, चिखलदरा, सुरगाणा, मोखाडा या आदिवासी तालुक्यांशेजारी ठेवा. उसाच्या पट्ट्यातल्या शिरोळला बारामती आणि राहात्याशेजारी. मग धडगाव मागे पडला तर मीच त्यांना जाब विचारायला येते.

आपल्या राज्याला हे गणित नवं आहे असंही नाही. 1984 मध्ये दांडेकर समितीनं प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात आरोग्यही होतं. राज्याची सरासरी काढायची, तिच्याखाली कोण किती ते पाहायचं आणि रुपयांत अनुशेष मांडायचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती झाली, केळकर समितीचा अहवाल 2013 मध्ये आला. विभागवार समतोलासाठी नेमलेल्या विकास मंडळांची मुदत 2020 च्या एप्रिलअखेर संपली. अनुशेषाच्या भाषेचा भर होता काय दिलं यावर: खाटा, इमारती, पैसा. आताच्या क्रमवारीचा भर काय निघालं यावर. पण कार्यक्षमता म्हणजे दिलेल्यातून काय निघालं, नाही का? दोन कागद शेजारी ठेवून वाचायचे होते. एक कपाटात गेला आणि दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

माझा भाचा सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतो. त्यानं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 साली 191 देशांची अशीच क्रमवारी लावली होती. फ्रान्स पहिला, भारत 112 वा. जगभरच्या जाणकारांनी पद्धतीवर इतके आक्षेप घेतले की संघटनेनं तशी क्रमवारी पुन्हा कधी काढली नाही. उलट 1973 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये वेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी शेजारशेजारच्या गावांत टॉन्सिल काढण्याच्या प्रमाणात किती तफावत आहे ते मांडलं. त्यांनी गावांना नंबर दिले नाहीत, का असं विचारलं. उत्तर असं मिळालं की आजार सारखाच, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या. मला हा माणूस आवडला.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. तक्ता चाबूक झाला की रजिस्टर खोटं बोलू लागतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पाड्यावर बाळ जन्मलं, रडलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मी अर्भकमृत्यू लिहिला. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, "उपजत मृत्यू लिही, म्हणजे मेलेलंच जन्मलं असं, नाहीतर सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतील." मी खोडून लिहिलं. ते बाळ रडलं होतं, मी ऐकलं होतं. 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालानं दाखवून दिलं की राज्यात बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तेव्हा खळबळ माजली. आम्ही सेविका मात्र गप्प होतो. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं. म्हणून सांगते, ज्या तालुक्याचा आकडा अचानक सुधारला, तिथे हार घेऊन जाण्याआधी रजिस्टर घेऊन पाड्यावर जा.

मागण्या सरळ आहेत.

निव्वळ क्रमांकावरून खुलासे मागणं थांबवा. आजपासून थांबवता येईल, त्याला पैसा लागत नाही.

तुलनेचं एकक तालुका करा. वस्तीची विरळता, रस्ता, स्थलांतर आणि गरिबी पाहून तालुक्यांचे गट पाडा आणि क्रमवारी लावायचीच तर गटात लावा.

प्रत्येक साध्याच्या रकान्याशेजारी साधनाचा रकाना छापा: किती पदं रिकामी, औषध किती दिवस नव्हतं, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच वेळी किती दिवस हजर होते, रुग्णवाहिका बोलावल्यापासून किती वेळात पोचली.

माता आणि बाळ राहत्या गावावरून मोजा. जिल्हा परिषद, शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालय, महापालिका आणि खासगी, सगळ्यांचा मिळून जिल्ह्याचा एकच अहवाल काढा. ऊसतोडीला गेलेल्यांची यादी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून ठेवावी, गुजरातेत गेलेल्यांसाठी त्या राज्याशी बोलावं.

मृत्यू खरा नोंदवणाऱ्या सेविकेला आणि आशेला लेखी अभय द्या. अन्वेषण मृत्यूचं व्हावं, नोंदवणारीचं नको.

आणि हे सगळं मराठीत, केंद्रनिहाय, लोकांना पाहता येईल असं जाहीर करा. ग्रामसभेत ते वाचलं गेलं तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं गावकरीच देतील. आमच्या त्या दोन केंद्रांतला फरक पाड्यावरच्या कुठल्याही म्हातारीनं एका दमात सांगितला असता.

माझ्याकडे 13 वर्षांच्या डायऱ्या आहेत. कोणत्या तारखेला कोणता पाडा, किती चालले, किती बाळं सापडली, किती कुप्या फोडल्या. खाडाखोड केलेलं ते एक पानही आहे. तुमच्यापैकी कोणाला पाहायच्या असतील तर मी घेऊन येईन, किंवा तुम्ही या.

त्या सेविकेला खुलाशासाठी तीन दिवस दिले होते. उत्तर द्यायला तुम्ही तीन महिने घ्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
कोल्हापूर जिल्हा